गच्चीवर वाळत घातलेला गालिचा

नांदेड, ४ मे

शिवादादा,

नमस्कार लिहिते. घ्यायचा तर घे, नाहीतर पाकिटात परत घाल.

आम्ही नांदेड सोडतोय. प्रीतमची बदली लातूरला झाली आणि बुद्धप्रियाची अकरावीही तिथेच करायचं ठरलं. तुझी भाची अकरावीत गेली, दादा. तू तिला पाहिलेलं नाहीस म्हणून सांगते, नाक सरळ आपल्या आप्पांचं आहे आणि त्या नाकावरचा राग तुझा. तिला कोणी काही बोललं की ती दोन-दोन दिवस ताटावर बसत नाही. प्रीतम म्हणतो, हे आमच्या घराण्यातलं नाही.

महिनाअखेरीस हे घर रिकामं करून द्यायचं आहे. घरमालक ईश्वरप्पाकाका खालीच राहतात. नवं लग्न झालं तेव्हा आम्ही अर्ध्या नांदेडात घर शोधत फिरलो. जो तो आधी आडनाव विचारायचा. प्रीतमचं ऐकून एक तोंड व्हायचं आणि माझं माहेरचं ऐकून दुसरं. मग कुणाचा मुलगा अचानक पुण्याहून परत यायचा असायचा, तर कुणाला खोलीत धान्य भरायचं असायचं. ईश्वरप्पाकाकांनी आडनाव विचारलंच नाही. ते आम्हाला वरच्या मजल्यावर घेऊन गेले आणि बैठकीतला गालिचा दाखवला. दुधी रंगाचा, काठाला लाल वेल, भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्यांनी मुलासाठी हौसेनं आणला होता, मुलगा काही परत आला नाही. म्हणाले, "घर कसं बी वापरा. गालिचा जसा हाय तसा परत द्यायचा. जमल का?" मी हो म्हटलं. त्या एका 'हो'वर आमचा संसार उभा राहिला.

आता तो धुऊन द्यायचा आहे. बाकी काही नाही, कपाटापाशी एक डाग आहे. हळदीचा. तोच निघत नाही.

तो डाग मायनं पाडलाय, दादा.

दचकलास ना? माय आली होती माझ्याकडे. मोतीबिंदू काढायला नांदेडला आणली होती तेव्हा. तुला वाटलं असेल ती दवाखान्यातून थेट गाडीत बसली. कोणी आणली ते विचारू नकोस, मी सांगायची नाही. इतकंच सांगते, जी घेऊन आली होती ती जिन्यातच बसून राहिली. चहाला आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, "मी वर आलेच न्हाई, समजलं का? कुणी इचारलं तर खोटं कशाला बोलू?"

मायनं पदराखालून पुडी काढली. माझी ओटी भरायची म्हणाली. एका डोळ्यावर पट्टी, पुडी सुटली आणि सगळी हळद गालिच्यावर. मी पुसायला गेले तर म्हणाली, "राहू दे गं. पडली ती बी तुझ्याच घरात पडली."

तेवढंच तिचं येणं झालं. नंतर ती गेल्याचं मला गंगम्माकडून कळलं, तेही दहावा होऊन गेल्यावर. गंगम्मा आमच्या समोर राहायची. तिचा भाऊ धर्माबादच्या मिरची बाजारात आहे, म्हणून तुमच्याकडची खबर तिच्या तोंडून यायची. आमचा रेडिओच म्हण. त्या दिवशी रेडिओवर ती बातमी आली.

आता तोही डाग धुवायचा आहे. मी तुझ्याकडे काही मागत नाही. धुवायच्या आधी एकदा येऊन बघून जा, इतकंच म्हणते. मला बघू नकोस, डाग बघ. तू धर्माबादजवळ आणि मी नांदेडात, म्हणून इतकी वर्षं वाटायचं, जवळच आहे, येईल कधीतरी. लातूरला गेल्यावर तसं वाटायचं नाही.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. माझी आधीची पत्रं परत आली नाहीत, म्हणजे कोणीतरी घेतंय.

सिंधु

---

नांदेड, ९ मे

शिवादादा,

तू आला नाहीस. मी दोन दिवस जास्तच थांबले, प्रीतमला म्हटलं गालिचा धुणाऱ्या मशीनवाल्याला सवड नाही. त्याला सवड होती.

काल तो येऊन गेला. आधी त्यानं गालिचा खिळ्यांवरून उचकटला, खालून इतकी धूळ निघाली की प्रीतम म्हणाला ही गोदावरीच्या पुरातली दिसते. मग बडवणं, मग मशीननं धूळ ओढणं, मग साबणाचा फेस आणि ब्रश. फेस डागावर गेला आणि, दादा, पिवळा डाग लाल झाला. लालभडक, कुंकवासारखा. मशीनवाला घाबरला. "बाई, म्या काय केलं न्हाई," म्हणाला. मी त्याला काय सांगणार? हळदीला खार लागला की कुंकू होतं, हे मायनंच मला दाखवलं होतं, चुना घालून, परातीत. तू शेजारी बसून बोट बुडवत होतास आणि माझ्या नाकाला लावत होतास.

त्या लाल डागाकडे बघून मला रडू आलं. मशीनवाला आणखी घाबरला.

धुवून झाल्यावर तो पुन्हा पिवळा पडला. मशीनवाला म्हणाला, आता याच्यापुढं आपला इलाज नाही. पण हळद कशानं जाते ते मलाही ठाऊक आहे आणि तुलाही. ऊन. मायची हळदीची लुगडी कशी दोन उन्हात कोरी व्हायची. आम्ही चौघांनी धरून गालिचा गच्चीवर नेला आणि कठड्यावर टाकला, डाग वर करून. नांदेडचं मे महिन्यातलं ऊन काही कुणाची भीड ठेवत नाही. आज संध्याकाळी पाहिलं तर डाग निम्मा उतरला होता.

मी सारखी वर जाऊन बघते. खरं सांगू का? उतरला असला की वाईट वाटतं, आणि नसला उतरला तर काकांना दिलेल्या शब्दाची काळजी वाटते. एकाच डागाचं दोन्हीकडून दुःख.

तू कधी रडलास का रे मायसाठी, कोणी बघत नसताना? मला तिच्याजवळ रडायला मिळालं नाही म्हणून विचारते. तू माझ्या नावानं आंघोळ केलीस तेव्हा पौष होता. अंगावरच्या कपड्यांनिशी विहिरीच्या पाण्याच्या बादल्या ओतून घेतल्यास आणि मायच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, जित्यापणी सिंधूचं तोंड बघणार नाही, तिचा उंबरा चढणार नाही. मग आठ दिवस तापानं फणफणला होतास म्हणे. मेलेल्या बहिणीनं केवढा त्रास दिला तुला! पण दादा, ज्या डोक्यावर हात ठेवलास ते डोकंही आता राहिलं नाही. शपथ कोणासाठी पाळतोयस?

उद्या-परवा घरातल्या सगळ्या वाकळा, सतरंज्या, उशांचे अभ्रे धुवून घेते. नव्या घरात मळकं अंथरूण न्यायचं नाही. त्यानंतर मी आणि बुद्धप्रिया लातूरला घर बघायला जाऊ. प्रीतम इथंच असेल. आलास तर तोच दार उघडेल. तो काही बोलणार नाही, चहा मात्र फार गोड करतो.

सिंधु

---

नांदेड, १३ मे

दादा,

तू आला होतास.

मी हे तीनदा लिहून बघितलं, तरी खरं वाटत नाही. काय काय झालं ते ओळीनं लिहिते, म्हणजे मलाही नीट कळेल.

काल पहाटे मी आणि बुद्धप्रिया लातूरच्या बसनं निघालो. मागं प्रीतम एकटा. त्यानं सगळ्या वाकळा पिळून गच्चीवर टाकल्या, गालिचा होताच. आता प्रीतमचं तुला ठाऊक नाही, तो दर उन्हाळ्यात डोक्याचा चक्क गोटा करून घेतो. उकडतं म्हणतो. मी त्याला खूप हसते. काल तो पांढरा सदरा घालून, गोटा चमकवत, गच्चीवर वाकळा झटकत उभा होता. आणि खालून रिक्षातून गंगम्मा चालली होती. ती आता दुसरीकडे राहते, आमचं घर सोडायचं तिला माहीत नाही. तिनं रिक्षा थांबवली आणि खालून ओरडून विचारलं, "सिंधूताई कुटं हाय?"

हा वरून ओरडला, "गेली! सकाळीच गेली!"

लातूरला गेली म्हणायला नको का? लहानपणापासून आपल्याला दारातून निघताना 'जाते' म्हणू दिलं नाही, 'येते' म्हण, म्हणून माय पाठीत धपाटा घालायची. आणि ह्या शहाण्यानं सगळ्या गल्लीत ओरडून सांगितलं, गेली. वर डोक्याचा गोटा, अंथरुणं बाहेर, पांढरे कपडे. माणूस गेलं की त्याचं अंथरूण आधी घराबाहेर निघतं, हे गंगम्माला कोणी शिकवायला नको. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तिनं पुढचं ऐकलंच नाही. प्रीतमला वाटलं, घाई असेल.

आम्ही संध्याकाळी परत आलो. मी वर गेले, वाकळा काढल्या, गालिच्याचा डाग पाहिला, आता तो मलाच दिसतो इतका उरलाय, आणि खाली येऊन झोपले. मला काही ठाऊक नव्हतं.

आज सकाळी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मारोती एक पिशवी घेऊन आला. "काल एक पाव्हणं देऊन गेलं." मी उघडली. हिरवी साडी, खण, हिरव्या बांगड्या, कुंकवाची पुडी. दादा, मला आधी काय वाटलं माहीत आहे? ओटी! माझ्या दादानं पत्र वाचलं, मी गाव सोडते म्हणून माहेरची ओटी पाठवली. मी बुद्धप्रियाला हाक मारली, "ये, बघ, मामानं काय पाठवलं!" बांगड्या हातात घालायला गेले तर चढेनात. तू सव्वादोनच्या आणल्यास. लग्नाआधीचं माझं माप. ते तुझ्या ध्यानात होतं.

मग लक्षात आलं, नारळ नाही. तांदूळ नाहीत. ओटीत नारळ-तांदूळ नाहीत असं होतं का कधी?

मी मारोतीला विचारलं, पाहुणे काय म्हणाले? तो म्हणाला, "ताई, राग नका धरू. ते आले अन् मला म्हणले, मयत निघाली का? म्हणलं, कुणाची मयत? तर वरच्या मजल्याकडं हात केला. म्हणलं, अहो, त्या काय, गच्चीवर वाकळा काढून राहिल्या!"

"मग?"

"मग काय, वर बघत उभं राहिले. लई येळ. खांबाला धरून रडून राहिले होते. म्या तुम्हाला हाक मारणार, तर माझा हात धरला. म्हणलं, वर जा की, पाणी तरी प्या. तर म्हणले, 'आता कसं जाऊ बाबा, जिती हाय की.'"

मी गंगम्माला फोन लावला. माझा आवाज ऐकून ती किंचाळली, "अय्यो! तू बोलून राहिली?" मग एवढी रडली की मलाच तिची समजूत घालावी लागली. तिनं रिक्षातूनच भावाला फोन केला होता, आणि भाऊ तसाच तुझ्याकडे धावला होता.

म्हणजे मिळेल त्या गाडीनं आलास, दादा. वाटेत बाजारात उतरलास, साडीच्या दुकानात उभा राहिलास, बहिणीच्या अंगावर घालायला माहेरची शेवटची साडी मागितलीस. सवाष्ण गेली म्हणून हिरवी मागितलीस. दुकानदारानं कोणता रंग, केवढा काठ असं विचारलं असेल, आणि तू काय सांगितलंस? बांगड्यांचं माप सांगताना तुझा आवाज कसा होता?

मी मेले असते तर तू जिना चढला असतास. माझ्या तोंडावरचं कापड बाजूला करून मला पाहिलं असतंस. मी जिवंत निघाले म्हणून माघारी फिरलास. मी वाकळा काढत होते, गाणं म्हणत होते बहुतेक, आणि खाली तू. एकदा खाली वाकून बघितलं असतं तर? कठड्यावर गालिचा टाकलेला होता, त्याच्यावरून मला खालचं दिसत नव्हतं.

आणि आणखी एक गोष्ट मला आज दुपारी कळली, भांडी घासता घासता. हात तसाच राहिला. मी तुला लिहिलं होतं, आम्ही घर सोडतोय. लिहिलं होतं, गालिचा गच्चीवर आहे, वाकळा धुणार आहे, मी लातूरला जाणार आहे. त्यातली एक ओळ जरी तू वाचली असतीस तरी गंगम्मावर विश्वास बसला नसता.

म्हणजे तू माझी पत्रं उघडत नाहीस. परत पाठवत नाहीस आणि उघडतही नाहीस. मग ठेवतोस तरी कुठं?

हेही असंच पडून राहणार. तरी लिहिलं.

सिंधु

---

नांदेड, २८ मे

दादा,

आज निघतोय. टेम्पो भरून झाला.

सकाळी गालिचा परत खाली अंथरला. ईश्वरप्पाकाकांना आता डोळ्यांनी कमी दिसतं, त्यांनी चपला काढून अनवाणी पायांनी त्याच्यावर एक फेरी मारली. कपाटापाशी थांबले. मग म्हणाले, "होता तसा हाय. पोरी, शब्दाची पक्की निघालीस." मला हुंदका फुटला. त्यांना वाटलं घर सोडताना होतं तसं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. डाग खरंच कुठं राहिला नव्हता. मी बोटानं चाचपला, जागा माहीत होती तरी सापडला नाही. मायचं माझ्या घरातलं तेवढंच होतं, ते मीच उन्हात घालून घालवलं.

मी तुझी साडी नेसून निघाले आहे. प्रीतम एरवी असल्या समजुतींना हसतो, शकुन-अपशकुन म्हटलं की पुस्तकं काढतो. पण मी ती नेसून बाहेर आले तेव्हा त्याचं तोंड उतरलं. "सिंधु, ही नको ना," म्हणाला. हात धरून म्हणाला. मी म्हटलं, भावानं आणलेली साडी आहे, एवढ्या वर्षांत पहिली. बुद्धप्रिया म्हणाली, "मामाचा चॉइस भारी आहे." तिला आम्ही काही सांगितलेलं नाही.

बांगड्या तिच्या हातात अगदी बरोबर बसल्या. पण मी काढून ठेवायला लावल्या. तेवढं धैर्य मला झालं नाही.

लातूरचा पत्ता मागं लिहिला आहे. तू पाकीटही उलटून बघत नसशील, पण लिहायची सवय.

सिंधु

---

लातूर, ११ जून
(पोस्टकार्ड)

शिवादादा,

पाकीट फोडावं लागतं, कार्ड फोडावं लागत नाही, म्हणून कार्ड लिहिते. पोस्टमननं वाचलं असेल, वहिनीनं वाचलं असेल. वहिनी, तुम्ही हे मोठ्यानं वाचा, तो ऐकत नसल्यासारखा बसला असेल तरी वाचा.

दादा, तू आणलेली साडी मी नेसले. जिवंतपणी नेसले, काही झालं नाही. आपल्यात भाऊ ती साडी बहिणीला एकदाच आणतो आणि ती तू आणलीस. रडायचं तेही गल्लीत उभं राहून रडलास. माझ्या मरणाचं तुझ्याकडचं सगळं करून झालं, आता त्यासाठी पुन्हा येऊ नकोस, मी येऊ देणार नाही. इथून पुढं यायचं असेल तर तुला जित्या बहिणीकडेच यावं लागेल.

सिंधु